घाटमाथ्याचा पाऊस आणि नाक्यावरचा टोल

जुलै निम्मा सरला की कोल्हापुरात माणसं एकमेकांची खुशाली नंतर विचारतात. आधी विचारतात, 'पाणी कुठवर आलंय?' उत्तर फुटांत येतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. पस्तीस फुटांपर्यंत लोक पाणी बघायला जातात. एकोणचाळीसनंतर फ्रीज माळ्यावर चढवायला लागतात.

बघायला जाणं हा इथला जुना षोक. पंचगंगा पात्राबाहेर पडली, घाटावरची देवळं बुडाली, की शिवाजी पुलाकडे माणसांचा लोंढा सुरू होतो. कुणी पोराला खांद्यावर घेतलेलं, कुणाच्या हातात भाजलेलं कणीस. पोलीस शिट्या मारून दमतात. यातल्याच कित्येकांच्या घरात २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैत पाणी शिरलं होतं. दोन्ही वेळा बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या पलीकडे गेली. २०१९ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, शहरात भाजी येईना, खेड्यातलं दूध संघापर्यंत पोहोचेना. तरी पुढच्या वर्षी मृग कोरडा गेला तर हीच माणसं आभाळाकडे बघून हैराण होतात. पावसाचं प्रेम आणि पावसाची धास्ती इथे एकाच घरात, पुष्कळदा एकाच माणसात नांदते.

बर्फाच्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा दुटप्पीपणा ओळखीचा वाटेल. टोरांटोत किंवा शिकागोत पहिला बर्फ पडतो तेव्हा अंगणातले फोटो गावी पाठवले जातात. फेब्रुवारीत त्याच अंगणात फावडं घेऊन उभं राहिलं की कौतुक संपलेलं असतं. मग रस्ता मोकळा करणारी नगरपालिकेची गाडी का आली नाही, आम्ही घराचा कर कशासाठी भरतो, असा सूर निघतो. ऋतू अंगावर आला की करांचा हिशोब आठवतो. कोल्हापुरातही तेच होतं, फक्त इथल्या हिशोबाला पावणेदोनशे वर्षांमागचं एक बंड चिकटलेलं आहे. पावसाळ्यात चार दिवस या जिल्ह्यात हिंडायचं ठरवलं तर पाऊस आणि पट्टी, दोन्हींची गोष्ट एकाच वाटेवर सापडते.

पहिला मुक्काम पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर, आणि जुलैत निम्मा वेळ धुक्यात. पर्यटक तीन दरवाजा, सज्जा कोठी करतात, झुणका-भाकर खातात आणि परततात. करांच्या मागावर आलेल्याने मात्र अंबरखान्यात थांबावं. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं. त्यातली गंगा कोठी सर्वांत मोठी. तिच्यात २५ हजार खंडी धान्य मावत असे असं सांगतात. नाचणी, वरी, भात. सारा रोकड्यापेक्षा धान्यात गोळा होई, त्या काळातली ही तिजोरी. इथल्या हवेत दोन दिवसांत चपलेला बुरशी येते. धान्य वर्षभर कोरडं ठेवायचं तर भिंती अशाच जाड आणि छत असंच दगडी कमानीचं हवं. आत उभं राहिलं की बाहेरची झड ऐकूही येत नाही.

१६६०च्या पावसाळ्यात याच गडाला सिद्दी जौहरचा वेढा होता. पाऊस लागला की वेढा ढिला पडेल, हा सह्याद्रीतला नेहमीचा अंदाज. सिद्दीने तो खोटा ठरवला. शेवटी जुलैतल्या एका रात्री शिवाजी महाराज त्याच पावसाच्या आडोशाने विशाळगडाकडे निसटले. पुढची कथा मराठी माणसाला सांगायची गरज नाही. पाऊस इथे कुणाच्या बाजूने लढेल याचा नेम नसतो, एवढं त्यातून लक्षात ठेवण्यासारखं.

पन्हाळ्याहून गगनबावड्याकडे निघालं की पावसाचं प्रमाण डोळ्यांदेखत वाढत जातं. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुक्यात वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या घरात, आणि गगनबावड्यात पाच ते सहा हजार. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत दहापट फरक. शिरोळात द्राक्षं आणि ऊस, बावड्यात भात आणि नाचणी. रोपलावणीच्या दिवसांत पाठीवर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद घेतलेल्या बायका चिखलात वाकलेल्या दिसतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस यांचा हिशोब त्यांच्या तोंडी असतो. हवामान खात्याचा रेड अलर्ट मोबाईलवर येतो तोवर त्यांचं निम्मं वावर लावून झालेलं असतं.

गावापुढे वाट फुटते: एक करूळ घाटाने वैभववाडीला उतरते, दुसरी भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. दोन्ही घाटांत पावसाळ्यात दरड कोसळणं ही बातमी राहिलेली नाही. गगनबावडा ही पंत अमात्यांची जहागीर. 'आज्ञापत्र' लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य हे याच घराण्याचे मूळपुरुष. करवीरच्या राज्यासाठी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रचलेल्या या ग्रंथात गडकोट आणि आरमार तर आहेच, पण साहुकार म्हणजे राज्याची शोभा, आणि आरमारासाठी लाकूड हवं म्हणून रयतेची आंबा-फणसाची झाडं बळाने तोडू नयेत, असंही बजावलं आहे. झाड अगदी जीर्ण झालेलं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. सरकारने रयतेकडून काय घ्यावं यापेक्षा कसं घ्यावं याची इतकी बारीक काळजी करणारा मजकूर इथल्या मुसळधार पावसात वाढलेल्या घराण्यातून आला, हे बावड्याच्या चहाच्या टपरीवर बसून आठवलं की मौज वाटते.

गगनबावड्याहून राधानगरीला जाणाऱ्या वाटा पावसाळ्यात भरवशाच्या नाहीत. सरळ मार्ग हवा असेल तर भोगावतीच्या काठाकाठाने जावं.

राधानगरीचं धरण हे कोल्हापूरकराच्या पाऊसप्रेमाचं सर्वांत मोठं स्मारक म्हणता येईल. छत्रपती शाहू महाराजांनी १९०७च्या सुमारास ते मनावर घेतलं. आजूबाजूला दुष्काळ आणि प्लेग यांच्या आठवणी ताज्या होत्या. महाराज १९२२ साली गेले. काम पैशांअभावी रखडलं, आणि धरण पूर्ण व्हायला १९५०चं दशक उजाडलं. साठवण ८.३६ टीएमसी. खरं आकर्षण मात्र त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. पाणी ठराविक पातळीला चढलं की दरवाजा आपोआप उघडतो, उतरलं की मिटतो. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. कोल्हापुरात 'राधानगरीचे दोन दरवाजे उघडले' ही बातमी आली की पेठेतले लोक मनातल्या मनात गुणाकार करतात. याच धरणाच्या पाण्यावर भोगावती-पंचगंगेच्या काठचा ऊस उभा राहिला. याच धरणाचे दरवाजे उघडले की त्या उसात पाणी उभं राहतं.

शाहूंच्या कारभारात वसुलीची बाजूही बदलली. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. गावचं दप्तर पिढ्यान् पिढ्या एकाच घरात, त्यातले आकडे त्या घराबाहेर कुणाला वाचता येत नाहीत, आणि त्या आकड्यांवर रयतेचा सारा ठरतो, ही व्यवस्था त्यांना मोडायची होती. त्याच वर्षी महार वतनही गेलं. वतनाच्या चिमूटभर जमिनीच्या बदल्यात आख्ख्या घराने सरकारची पडेल ती कामं करायची, हादेखील एक करच होता, फक्त तो घामात वसूल होई. शाहूंबद्दल कोल्हापुरात आजही जे प्रेम दिसतं त्यात धरण, वसतिगृहं आणि १९१७चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण यांचा वाटा मोठा आहेच; पण कर घेणारा राजा आणि कर परत देणारा राजा इथल्या लोकांनी एकाच माणसात पाहिला, हेही त्यात आहे.

त्याआधी पाऊणशे वर्षं याच मुलखाने उलटा अनुभव घेतला होता. त्यासाठी राधानगरीहून गारगोटीकडे आणि पुढे गडहिंग्लजकडे वळायला हवं.

गारगोटीजवळचा भुदरगड पावसाळ्यात हिरवागार असतो. वर विस्तीर्ण पठार, भैरवनाथाचं देऊळ आणि दूधसागर नावाचा तलाव. गडहिंग्लज तालुक्यातला सामानगड त्याच्या मानाने धाकटा, कातळात खोदलेल्या विहिरींसाठी प्रसिद्ध. सात कमानींची विहीर बघायला लोक येतात आणि दहा मिनिटांत निघतात. दोन्ही गडांवर १८४४च्या बंडाची खूण शोधूनही सापडत नाही. पण त्या वर्षीच्या पावसाळ्यात या दोन गडांचे दरवाजे आतून बंद झाले, आणि ते उघडायला कंपनी सरकारला तोफा आणाव्या लागल्या.

प्रकरण असं घडलं. १८३८ साली छत्रपती शहाजी वारले. गादीवर अल्पवयीन शिवाजी. कारभार कुणी करायचा यावरून वाड्यात ओढाताण सुरू झाली आणि कंपनीने आपल्या पसंतीचा कारभारी बसवला, दाजी कृष्ण पंडित. पंडितांची कारभारी म्हणून हुशारी नाकारता येणार नाही. त्यांना वसुली सुरळीत करायची होती, खर्च कापायचा होता, कागद नीट लावायचे होते. आजच्या भाषेत सुधारणाच. त्या सुधारणेच्या फेऱ्यात गडकरी सापडले. गडकरी म्हणजे किल्ल्याची पिढीजात शिबंदी. गड राखायचा आणि त्याच्या मोबदल्यात गडाखालच्या जमिनी खायच्या. त्या जमिनी गडाच्या हातून काढून मामलतदारांच्या देखरेखीखाली आणल्या गेल्या. गडकऱ्यांनी त्याचा अर्थ सरळ लावला: आज वहिवाट गेली, उद्या सारा बसेल, परवा गडावरून खाली उतरायला सांगतील.

१८४४च्या जुलैत सामानगड आणि भुदरगड यांनी दरवाजे लावून घेतले. बेळगावहून फौज निघाली. बंड पन्हाळ्यापर्यंत पसरलं, खुद्द कोल्हापुरात दाजी पंडितांना कैद झाली, सावंतवाडीकडचे गडही पेटले. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर सामानगड पडला. १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळ्याच्या तटाला भगदाड पाडून इंग्रज आत शिरले. पुढच्या काळात शिबंद्या मोडल्या, तट पाडले, आणि राज्याचा कारभार इंग्रजांनी थेट हाती घेतला. आज पन्हाळ्याचा चार दरवाजा नावापुरता उरला आहे, तो याच पाडापाडीमुळे.

या बंडाला थेट 'करबंदी' म्हणणं ताणल्यासारखं होईल. त्यात वतनाचा अभिमान होता, गादीची निष्ठा होती, वाड्यातलं राजकारण होतं. गडकरी काही गरीब रयतेच्या वतीने लढत नव्हते. आपल्या हक्काच्या जमिनी त्यांना हव्या होत्या. तरी एक गोष्ट त्यात ठसठशीत दिसते. जो घेणारा होता तो वरून नेमलेला होता, आणि घेण्याआधी कुणी विचारलं नव्हतं. १७७३च्या डिसेंबरात बॉस्टनच्या गोठवणाऱ्या बंदरात ३४२ पेट्या चहा पाण्यात फेकणाऱ्यांची तक्रारही करापेक्षा कर बसवणाऱ्याबद्दल होती. त्या बंडाला जगभर नाव मिळालं. सामानगडावर साधा फलक वाचायलाही पाऊस थांबायची वाट बघावी लागते.

गडहिंग्लजहून निपाणी-कागलमार्गे कोल्हापुरात परतताना शाहू नाका लागतो. इथे टोलनाका होता. शिरोलीला होता, फुलेवाडीला होता, कळंब्याला होता. शहरात शिरणाऱ्या वाटांवर मिळून एकूण नऊ. शहरातल्या सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांचं काम एका खासगी कंपनीने करायचं आणि त्या बदल्यात तीस वर्षं टोल घ्यायचा, असा करार झालेला. रस्त्यांच्या दर्जाबद्दल तक्रारी होत्या, बदल्यात दिलेल्या भूखंडाबद्दल होत्या. पण सामान्य माणसाच्या रागाचं मूळ सोपं होतं. खेड्यातून दूध, भाजी, दवाखाना, कॉलेज, कोर्ट यासाठी शहरात येणाऱ्याला आपल्याच जिल्ह्याच्या गावात शिरायचे पैसे पडणार होते.

सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समिती उभी राहिली. पुढे एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे ही दोन वयोवृद्ध माणसं, एक शेतकरी कामगार पक्षाचा, एक कम्युनिस्ट. मागे पेठांतल्या तालमी, रिक्षावाले, व्यापारी, महिला मंडळं. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये जमावाने नाके पेटवले. पुढे न्यायालयाची स्थगिती, पुन्हा वसुली, पुन्हा मोर्चे. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर सकाळच्या फेरफटक्यात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला त्यांचं निधन झालं. टोल रद्द झाल्याची घोषणा त्यानंतर दहा महिन्यांनी, डिसेंबर २०१५ मध्ये झाली. कंपनीची भरपाई सरकारने केली. म्हणजे पैसे शेवटी जनतेच्याच खिशातून गेले, हे कोल्हापूरकराला माहीत आहे. तरी त्याबद्दल कुणी हळहळताना दिसत नाही. पुण्याच्या वाटेवर किणीला टोल आहे. तिथे हेच लोक कुरकुरत का होईना फास्टॅग दाखवून जातात. हायवेचा टोल वेगळा, गावाच्या उंबऱ्यावरचा वेगळा.

याच शहराने २०११ साली जकात जाऊन आलेला स्थानिक संस्था कर पाहिला, आणि त्यावरचा व्यापाऱ्यांचा संपही. त्याबद्दल इतकंच पुरे. ती लढाई महाराष्ट्रभर झाली आणि तिच्यात कोल्हापूरचं असं वेगळं काही नव्हतं.

वेगळं बघायचं तर आषाढातल्या मंगळवारी किंवा शुक्रवारी शहरात असावं. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्ल्यागल्ल्यांतून मुली डोक्यावर कलश घेऊन ते पाणी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीला वाहायला निघतात. पुढे 'पी ढबाक'चा नाद, मागे गल्लीच्या जत्रेतलं मटण. सगळा खर्च वर्गणीतून. पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात येतात, आकडा घासाघीस करून ठरतो, आणि कुणी दिला नाही तर वर्षभर त्याचं नाव निघतं. सक्ती म्हणावी तर आहे, नाही म्हणावी तर नाही. फरक एवढाच की पैसा कुठे गेला ते संध्याकाळी पत्रावळीवर दिसतं. बाराव्या शतकातल्या शिलाहारकालीन शिलालेखांत व्यापाऱ्यांच्या संघांनी आपल्याच मालावर पट्टी बसवून ती मंदिरांना-बस्तींना लावून दिल्याच्या नोंदी आहेत. तालमीच्या पोरांना हे सांगितलं तर ते पावतीपुस्तकाला प्राचीन परंपरा चिकटवतील, म्हणून सांगू नये.

नदीच्या पाण्याशीही व्यवहार असाच देवघेवीचा. महाराष्ट्रभर ज्याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात तो याच मुलखातला. पावसाळ्यात त्याचे बरगे काढून ठेवतात, पुराला आडवं जायचं नाही. पाऊस सरता सरता बरगे पुन्हा घालतात आणि उरलेलं पाणी अडवतात. नृसिंहवाडीत तर पुराचा सण होतो. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या संगमाजवळच्या दत्तमंदिरात कृष्णेचं पाणी उत्तरेकडून शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी लोक लांबून येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात आणि गावकरी आपली भांडीकुंडी.

शहराच्या उशाशी, नद्या एकत्र येतात तिथलं प्रयाग चिखली आणि शेजारचं आंबेवाडी, ही गावं दर मोठ्या पुरात वेढली जातात. १९८९च्या महापुरानंतर त्यांना सोनतळीच्या माळावर जागा मिळाली. पाणी वाढलं की म्हशींसह गाव तिकडे सरकतं, ओसरलं की बरीचशी घरं परत चिखलीत. काळी कसदार जमीन नदीकाठी, गोठे नदीकाठी, मग माळावर राहून करायचं काय? सरकारी अधिकाऱ्यांना हे समजावता समजावता तिथल्या माणसांची एक पिढी म्हातारी झाली.

शहराची हद्दही पावसासारखीच भांडणाची. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून क्षेत्रफळ साधारण ६७ चौरस किलोमीटरवर अडून राहिलं. हद्दवाढीचा प्रस्ताव निघाला की भोवतालची गावं बंद पाळतात, कारण शहरात गेलो की घरफाळा वाढणार आणि शेतावर आरक्षणं पडणार. शहरवाले म्हणतात, आमचे रस्ते, आमचा दवाखाना, आमची बस वापरता, मग फाळा का नको? गाववाले म्हणतात, आधी तुमच्या पेठेतलं तुंबलेलं गटार काढून दाखवा. मध्यममार्ग म्हणून २०१७ साली ४२ गावांचं नागरी विकास प्राधिकरण नेमलं गेलं, आणि त्यालाही गावांनी विरोध केला. जुलैत एका संध्याकाळी चिखलीच्या बाजूने शहराकडे बघितलं तर मधल्या शेतांत पाणीच पाणी असतं. अलीकडच्या घराला ग्रामपंचायतीची पट्टी लागते, पलीकडच्या घराला महापालिकेचा घरफाळा, आणि पूर आला की पंचनाम्यासाठी दोघेही त्याच एका तलाठ्याची वाट बघत बसतात.